संतापात पैकीच्या पैकी

आमच्या दाखले कार्यालयातला गोल शिक्का जाऊन त्याजागी चौकोनी शिक्का यावा, असा आदेश वरून निघाला. जुन्या शिक्क्यात कार्यालयाचं नाव कडेने गोल फिरत होतं, नव्यात ते सरळ ओळीत बसणार होतं. एवढा मोठा बदल कर्मचाऱ्यांच्या मनाला एकदम झेपणार नाही, अशी काळजी वरच्यांना वाटली. वरच्यांना आमची अशी काळजी अधूनमधून वाटते. म्हणून शिक्क्याबरोबर त्यांनी एक सल्लागार मॅडमही पाठवल्या.

मॅडम अतिशय उत्साही होत्या. आल्या आल्या त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. बदल समोर आला की माणूस पाच टप्प्यांतून जातो, असं त्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं. आधी नकार, मग संताप, मग सौदेबाजी, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार. "घाबरायचं नाही," मॅडम म्हणाल्या, "मी तुमचा हात धरून तुम्हाला एकेक टप्पा पार करवणार आहे." मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. मग मॅडमनी मखमली पेटीतून नवा शिक्का काढला आणि तो जरा लांबूनच, आम्हाला धक्का बसणार नाही अशा बेताने दाखवला.

तेवढ्यात शिक्केभाऊ उठले. शिक्केभाऊ म्हणजे आमचे शिक्का कारकून. खिडकीपाशी बसून आलेल्या प्रत्येक दाखल्यावर शिक्का मारायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून "झालं हं तुमचं काम" म्हणायचं, हे त्यांचं आयुष्य. त्यांना दुसरं काही नको होतं. बढती दोनदा चालून आली, तर खिडकी सुटेल म्हणून त्यांनी ती हात जोडून परत पाठवली होती. असे हे शिक्केभाऊ पुढे गेले, मॅडमच्या हातून शिक्का घेतला, एका कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला आणि म्हणाले, "बरं. छान उठतोय. करू का सुरू?"

मॅडमनी एकदा तक्त्याकडे आणि एकदा शिक्केभाऊंकडे पाहिलं.

"तुम्हाला काहीच झालं नाही?" मॅडमनी विचारलं.

"काय व्हायला हवं होतं?"

"धक्का? अविश्वास? आतून काही तुटल्यासारखं?"

शिक्केभाऊंनी प्रामाणिकपणे थोडा वेळ आत चाचपून पाहिलं. "नाही हो. सकाळी जरा जळजळत होतं, पण ते शिळं खाल्ल्यामुळे."

मॅडमनी त्यांच्या हातून शिक्का अलगद काढून घेतला. चार टप्पे गाळून थेट स्वीकाराला पोचणं ही फार घातक गोष्ट आहे, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. असा माणूस आतून विरोधात असतो, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. अशा माणसाला त्यांच्या शास्त्रात टप्पेचुकार म्हणतात. मोठ्या साहेबांनी लगेच निर्णय दिला. सर्व कर्मचारी रीतसर स्वीकाराला पोचेपर्यंत नवा शिक्का लोखंडी कपाटात कुलूपबंद राहील. जुना शिक्का आदेशानुसार त्याच दुपारी रद्द झालेला होता. आणि जो टप्पेचुकार महिनाअखेरपर्यंत सुधारणार नाही, त्याची बदली तळघरात, जुन्या दप्तरांच्या खोलीत. तिथे खिडकी नाही, माणूस नाही, आणि शिक्का मारायला काही नाही.

शिक्केभाऊंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "साहेब, तळघर नको. मी म्हणाल ते करतो," ते म्हणाले.

"नुसतं करून चालणार नाही," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "ते तुमच्या आतून यायला हवं."

प्रत्येक कर्मचारी कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी आवक-जावक टेबलावर बसतो आणि माझं अक्षर चांगलं आहे. शिवाय मी स्वतः कुठल्याही टप्प्याला केव्हाही तयार असतो, हे मोठे साहेब जाणून आहेत.

पहिला आठवडा नकाराचा होता. कोणीही काहीही मागितलं की नाही म्हणायचं. बाहेरच्या लोकांना या आठवड्यात कार्यालयाच्या वागण्यात काही फरक जाणवला नाही. दुसरा आठवडा संतापाचा. त्यात आमचे हिशेबनीस मॅडमना फार आवडले, कारण ते नोकरीला लागल्यापासूनच संतापलेले आहेत. त्यांना ताबडतोब संताप-मार्गदर्शक नेमलं गेलं, आणि त्या आनंदाने त्यांचा संताप उतरला, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा मार्गदर्शक शोधावा लागला. सौदेबाजीच्या आठवड्यात आम्हाला शिकवण्यासारखं काही नाही, हे मॅडमनी पहिल्याच तासाला मोठ्या मनाने कबूल केलं आणि उरलेले दिवस त्या स्वतःच टिपणं काढत बसल्या. खिन्नतेच्या आठवड्यात ज्यांना फार खिन्न वाटेल त्यांना घरी जायची मुभा होती. सोमवारी सकाळीच अख्खं कार्यालय खिन्नतेने रिकामं झालं. त्यात मी पहिला होतो, हे सांगायला हरकत नाही. या आठवड्यासाठी मागवलेले रुमाल स्वीकाराच्या आठवड्यात पोचले, तेव्हा त्या रुमालांनी आम्ही खुर्च्या पुसल्या.

एकटे शिक्केभाऊ मात्र पहिल्याच पायरीवर अडकलेले.

"म्हणा, हा शिक्का चौकोनी नाहीच," मॅडम त्यांना सांगायच्या.

"पण आहे ना तो चौकोनी. चार कोपरे आहेत त्याला."

"तरी म्हणा."

"नाही हो मॅडम, मला नाही जमणार."

"आला! नकार आला!" मॅडम आनंदाने ओरडल्या, आणि मी नोंद घेतली. अशा रीतीने शिक्केभाऊ कसेबसे पहिला टप्पा पार झाले.

पण संताप काही केल्या येईना. हिशेबनिसांनी त्यांच्या चहात चिमूटभर मीठ टाकलं, ते म्हणाले, "घसा बसलाच होता, बरं झालं." त्यांची छत्री लपवली, तर ते भिजत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी छत्री नेणाऱ्याला ती कामी आली का, म्हणून चौकशी करत बसले. मोठे साहेब सर्वांसमोर त्यांना मठ्ठ म्हणाले. शिक्केभाऊ म्हणाले, "आमचे वडीलही असंच म्हणायचे."

शेवटी हा विषय घरापर्यंत नेणं भाग पडलं. मी शिक्केभाऊंच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळी परिस्थिती सांगितली. तळघराचं नाव निघताच वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "भाऊजी, हा माणूस खिडकीशिवाय जगायचा नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी घरी असले तरी सारखे दाराशी जाऊन उभे राहतात, कोणी येतंय का बघत. पण राग? लग्न झाल्यापासून मी यांना रागावलेलं बघितलं नाही. मी तरी काय काय नाही करून पाहिलं!"

तरीही त्यांनी कंबर कसली. सकाळी चष्मा गायब, दुपारी डबा रिकामा, संध्याकाळी घराला कुलूप. शिक्केभाऊ पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या मांजराशी बोलत राहिले. मग वहिनींनी शेवटचा उपाय म्हणून आपल्या धाकट्या भावाला राहायला बोलावलं. मेहुण्याने तर जीव ओतून काम केलं. तो दाजींच्या खुर्चीत बसला, दाजींचा टॉवेल वापरला, दाजींच्या पगारावर, टकलावर आणि घोरण्यावर विनोद केले. शिक्केभाऊ त्या विनोदांना मनापासून हसले आणि त्यातले दोन त्यांनी कार्यालयात येऊन आम्हालाही सांगितले. वहिनी मात्र इतक्या भडकल्या की त्यांनी भावाला पिशवीसकट बाहेर काढलं आणि नवऱ्यावर कडाडल्या, "अहो, रागवा ना एकदाचे! माझ्यासाठी तरी रागवा!"

"तू म्हणतेस तर बघतो प्रयत्न करून," शिक्केभाऊ म्हणाले.

वहिनींचा संताप नवऱ्याच्या नावे जमा करता येईल का, असं मी मॅडमना विचारलं. त्यांनी वर चौकशी केली. संताप हस्तांतरणीय नाही, असं उत्तर आलं.

या सगळ्या काळात कार्यालयातून एकही दाखला बाहेर पडला नव्हता, हे ओघाने आलंच. खिडकीसमोरची रांग पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेली आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. पहिल्यांदा रांगेत आरडाओरडा झाला. मग लोकांनी घरून स्टुलं आणली. मग एका न्हाव्याने रांगेच्या मध्यावर आरसा टांगला. एक शिक्षिका रांगेतच मुलांचा अभ्यास घेऊ लागल्या. दोन कुटुंबं महिनाभर पुढेमागे उभी राहून इतकी जवळ आली की त्यांनी तिथेच सोयरीक जुळवली. मुलाला जागेवरून हलता येईना म्हणून मुलीकडच्यांनीच दोन पावलं मागे सरकून त्याला पाहून घेतलं. नंतर नंतर तर आत काय चाललंय, असं विचारायलाही कोणी येईनासं झालं.

महिनाअखेरचा दिवस उजाडला. मॅडमनी शिक्केभाऊंच्या बदलीचा आदेश टंकून ठेवला होता. शिक्केभाऊ आपल्या रिकाम्या खिडकीत शेवटचं बसले होते, हात मांडीवर ठेवून. समोर एक नर्स उभी होती. तिला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, दाखल्यावर शिक्का नसल्यामुळे रुजू होता येत नव्हतं, आणि उद्या मुदत संपत होती. रोज सकाळी ती येऊन विचारून जायची.

"भाऊ, आज होईल का?"

"शिक्का कपाटात आहे हो ताई."

"असू दे," नर्स म्हणाली. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. सवय झालीय आता." आणि ती वळून चालू लागली.

मी शेजारीच होतो, म्हणून मला ते नीट दिसलं. शिक्केभाऊंचे कान आधी लाल झाले, मग टक्कल. ते उठले, बसायचं स्टूल उचललं आणि लोखंडी कपाटावर घातलं. पहिल्या घावात कुलूप वाकलं, दुसऱ्यात कडी निखळली. "ताई, थांबा! कागद द्या इकडे!" असं ते ओरडले तेव्हा तो आवाज कोणाचा, हे मला क्षणभर कळलंच नाही. शिक्का त्यांनी असा हाणला की टेबलाचा पाय निसटला. नर्सने कागद ओढला आणि मागे न बघता पायऱ्या उतरून धूम पळाली. या सगळ्या प्रकरणात शहाणी म्हणावी अशी ती एकटीच.

"लाज वाटते का तुम्हाला?" शिक्केभाऊ मोठ्या साहेबांसमोर जाऊन गरजले. "बाहेर माणसं उन्हात वाळतायत, आणि तुम्ही आत बसून आमची दुःखं मोजताय? एक ठोकळा! एक ठोकळा बदलला फक्त! ही मुलगी माझी समजूत घालून गेली, माझी! माणसाला इतकी सवय लावायची की त्याने ओरडायचंही विसरावं?"

त्या वेळी माझ्या आत काहीतरी हललं, हे मी लपवत नाही. टाळी वाजवावीशी वाटली. पण माझ्याआधी मॅडमनी वाजवली.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पैकीच्या पैकी!" त्या म्हणाल्या. "इतका शुद्ध संताप मी माझ्या अख्ख्या कारकिर्दीत पाहिला नाही." मोठ्या साहेबांनी शिक्केभाऊंना मिठी मारली. हिशेबनिसांनी कपाटाचं कुलूप प्रशिक्षण-खर्चात टाकलं. कोणीतरी फोटो काढला.

"तुम्ही ऐकत नाही आहात!" शिक्केभाऊ किंचाळले.

"ऐकतोय ना, बोला, बोला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला जादा गुण लिहायची खूण केली.

"तो तक्ता फाडा, मग मी गप्प बसतो!"

"सौदेबाजी," मॅडम हळूच म्हणाल्या. मी लिहिलं.

शिक्केभाऊंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, मग ते जमिनीवर बसले आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. ती खिन्नता झाली. थोड्या वेळाने ते काहीच बोलेनासे झाले, तो स्वीकार. महिनाभर रखडलेला माणूस एका दिवसात उरलेले चारही टप्पे पार करून गेला. तळघराचा आदेश तिथल्या तिथे रद्द झाला आणि आम्ही पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण मंजुरी तेवढीच होती.

शिक्केभाऊ आता खिडकीत नसतात. असा नमुना एका कार्यालयापुरता ठेवणं योग्य नव्हे, म्हणून त्यांना गावोगावच्या कार्यालयांत प्रात्यक्षिकासाठी पाठवतात. तिथे एक कपाट ठेवलेलं असतं, ते फोडायचं असतं. मी त्यांचं एक प्रात्यक्षिक पाहिलं. ते खरोखरच संतापतात, रोज, मनापासून, घसा बसेपर्यंत, आणि समोरचे टिपणं घेतात. शिक्का मारायला दुसरा माणूस मंजूर नाही, त्यामुळे खिडकी तूर्त बंद आहे. वहिनी विचारतात, "भाऊजी, यांना परत कधी सोडणार?" मी त्यांना लवकरच म्हणतो.

कार्यक्रमाच्या या यशानंतर पुढची पायरी म्हणून तो जनतेसाठीही लागू झाला आहे, आणि नोंदी ठेवण्याचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं आहे. ही हकीकत मी त्यासाठीच लिहून तुमच्यापर्यंत पोचवली. वाचताना कोण कुठल्या टप्प्यावर आहे, ते पाहायचं होतं. स्टूल घेऊन उठल्याचं अजून कोणाचंही कळलेलं नाही. तुमच्यासकट बरेच जण अधूनमधून हसले, असं दिसतं. हसण्याला आमच्या तक्त्यात वेगळा टप्पा नाही, तेव्हा मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, स्वीकारात धरा. मी धरलं.