धुराचा रंग कोणता?

आमच्या गाडीला धूर येतो, हे मी कधीच नाकारलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की धूर हा रोग नव्हे, ते लक्षण! आणि लक्षणावरून रोग ओळखावा तर मीच. घरात कुणी खोकलं की डॉक्टरच्या आधी मी निदान सांगतो. डॉक्टर नंतर काहीतरी वेगळंच सांगतात, ते सोडा.

गाडी वडिलांची, सत्तावन्न सालची. तिच्यावरच त्यांनी मला क्लच सोडायला शिकवला. वडील गेले, गाडी राहिली. आणि शहाऐंशी साली, मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार कर्णिक माझ्या दारात उभे राहून म्हणतात, "पोतनीस, गाडी भंगारात द्या! दुसऱ्या मजल्यापर्यंतचे वाळत घातलेले कपडे काळे होतात!"

"काळे? नीट बघितलंत? निळसर असतील!"

"काय फरक पडतो?"

"वा! काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे आत पाणी शिरलंय. पेशंट कशाने आजारी आहे ते न बघताच तिरडी बांधताय?"

"ते मला माहीत नाही. गाडी हलली पाहिजे."

"गाडी हलणार नाही!" मी ठणकावलं.

"खरंय," आतून माझी बायको शुभा म्हणाली. "काल तिघांनी ढकलली तरी हलली नाही."

रविवारी सकाळी मी तपासणीला बसलो. सायलेन्सरमागे पांढरं फडकं धरलं आणि शुभाला गाडी सुरू करायला लावली. फडक्यावर डाग पडला. मला तो निळा वाटला, शुभाला काळा. तळमजल्यावरच्या रुक्मिणीकाकू मोतीबिंदूतून बघून म्हणाल्या, "जांभळा आहे रे." जांभळ्याचं निदान कुठेच नव्हतं!

शेवटी ऑफिसातल्या बाळ गुप्तेचा सल्ला आठवला. "इंजिनात काजळी साठलीय रे. गाडी जोरात चालू ठेव आणि कार्बोरेटरच्या तोंडात पातळ तेल सोड. थेंब थेंब! काजळी भसाभसा बाहेर!"

मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, शुभा बॉनेटपाशी तेलाचा डबा घेऊन उभी राहिली. इंजिन डरकाळ्या फोडायला लागलं. थोडं तेल गेल्यावर मी ओरडलो, "पुरे! पुरे!"

त्या आवाजात तिने ऐकलं, "पुरा! पुरा!"

तिने डबा पुरा ओतला.

पुढे जे झालं त्याला धूर म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणण्यासारखं! सायलेन्सरमधून आधी एक ढेकर आली आणि मग ढगच निघाले. कंपाउंड गेलं. जिना गेला. माझी बायको गेली, म्हणजे दिसेनाशी झाली. धुरातून नुसता तिचा आवाज येत होता, "अहो, तुम्हीच म्हणालात ना!"

धडाधड दारं उघडली. खोकत खोकत सगळी सोसायटी गेटबाहेर पळाली. कर्णिक बनियनवर खाली आले. आता हा माणूस माझी गाडी स्वतःच्या हातांनी भांडुपपर्यंत ढकलत नेणार, अशी माझी खात्रीच पटली. मीही बाह्या सरसावल्या. म्हटलं, आज काय ते होऊन जाऊ दे!

इतक्यात रुक्मिणीकाकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "बरं केलंस हो नंदकुमार! डास मारायची गाडी बोलावलीस! मेल्यांनी रात्रभर फोडून काढलं होतं!"

"कर्णिकांनी बोलावली?" "झकास काम!" "सोसायटीची निवडणूक आली म्हणून का होईना, हललास बाबा!" चहूबाजूंनी आवाज आले. कर्णिकांनी तोंड उघडलं, गर्दीकडे बघितलं, मिटलं, आणि मग हात जोडून म्हणाले, "सभासदांची सेवा, दुसरं काय!"

मी उसळलो. "अहो, धूर माझा आहे!"

त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "गप बसा हो! गाडी राहू दे इथेच. फक्त दर रविवारी एवढाच धूर काढा."

मी जिंकलो होतो! वडिलांची गाडी जागची हलली नव्हती!

कर्णिकांनी फळ्यावर लिहून टाकलं, 'दर रविवारी पोतनीसांच्या गाडीतून डासांचा धूर, व्यवस्था सेक्रेटरींची.' पुढच्या रविवारी गेटबाहेर जत्रा जमली. बायकांनी पिठाचे डबे झाकून ठेवले होते, शेजारच्या सोसायटीतले लोक कुंपणावर चढले होते. कर्णिक तर इस्त्रीच्या शर्टात! आमच्या गाडीला धूर येतोच, तेल कशाला, म्हणून मी ऐटीत नुसती किल्ली फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. इंजिन मांजरीसारखं गुरगुरत राहिलं. आणि धूर? उदबत्तीएवढासुद्धा नाही!

काजळीच होती! निदान अचूक होतं! मी गाडीबाहेर उडी मारून ओरडलो, "बघा! बघा! आहे का कुठे धूर?"

टाळी एकही पडली नाही. रुक्मिणीकाकूंनी नाकावरचा पदर काढला आणि हळहळून म्हणाल्या, "अगं बाई, बिघडली वाटतं!"

मी मान ताठ ठेवून वर आलो. आल्याबरोबर दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. डास येऊ नयेत म्हणून नव्हे हो. सभासद येऊ नयेत म्हणून!