दिल्लीला निघालेलं खोकं

लग्नाला दोन महिने झाले, तरी रश्मी रोज सकाळी पलंगाखालची बॅग ओढायची, साडी काढायची आणि चेन लावून बॅग पुन्हा आत सरकवायची. ती चेन वाजली की देवेश दाढी करता करता थांबायचा. ही रमलीच नाही की काय? एखाद्या दिवशी बॅग उचलून तलासरीला माहेरी निघाली तर? विचारायचं धाडस नव्हतं. (तो डहाणू स्टेशनवर तिकिटं द्यायचा. अख्ख्या दुनियेशी काचेआडून बोलायची सवय. बायकोशी समोरासमोर बोलावं लागतं.)

म्हणून त्याने ठरवलं, कपाट रिकामं करून तिला द्यायचं. बस, एवढंच.

कपाटात त्याच्या आईचा, मनोरमाबाईंचा, पंचवीस वर्षांचा साठा होता. गेलेल्या ट्यूबा, तडकलेले पेले, मुदत संपलेली खोकल्याची औषधं.

"टाक बाबा, पण कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागेल असं टाकू नकोस," आई म्हणाली.

देवेशने ते फारच मनावर घेतलं. शेजारच्या विपुलभाईंच्या वाडीतून चिकूची रिकामी खोकी आणली, काच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पाचही खोक्यांवर 'जपून हाताळा' असं मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहिलं. सकाळी रश्मी आंघोळीला गेल्यावर तिची बॅगही तात्पुरती सहाव्या खोक्यात रिकामी केली. कपाट पुसून, तिचे कपडे लावून तिला चकित करायचं होतं. पण हात बसलेला. त्या खोक्यालाही चिकटपट्टी लागली, वर 'जपून हाताळा' लिहिलं गेलं आणि सहाही खोकी फाटकाबाहेर गेली.

चहा पिऊन तो बाहेर आला तर फाटक मोकळं.

"बघ आई, घंटागाडी किती वेळेवर येते हल्ली."

तेवढ्यात कोपऱ्यावर घंटागाडी वाजली.

"अरे, तुझी खोकी दिल्लीच्या चिकूबरोबर टेम्पोतून वखारीत गेली," विपुलभाई कुंपणावरून म्हणाले. "फाटकाबाहेर खोकं दिसलं की टेम्पोवाला उमेश उचलतो. तो कशाला विचारतोय?"

घरात रश्मी रिकामी बॅग घेऊन उभी होती. "अहो, माझे कपडे?"

"ते बहुतेक दिल्लीला निघालेत."

देवेशने स्कूटर काढली, ती मागे बसली. चिकूची वखार येईपर्यंत तिने ती रिकामी बॅग मांडीवर घट्ट धरून ठेवली. देवेशला वाटलं, त्यापेक्षा तिने दोन शिव्या घालाव्यात.

वखारीत चिकू निवडणाऱ्या तानीने एक खोकं फोडलं होतं. हाताच्या सवयीने तिने मालाची प्रतवारीही केली होती. साड्या एकीकडे, परकर मध्ये, बारका माल म्हणून ब्लाउज वेगळे.

"हा कुठल्या वाडीचा माल, दादा?" तिने विचारलं.

"बाकीची उघडू नका, काच आहे," देवेश धापा टाकत म्हणाला.

"मग काच लिहायचं ना, देवेशभाई," टेम्पोवाला उमेश म्हणाला. "जपून तर चिकूवर पण लिहितात."

तीन भाषांपैकी एकीतही त्याने 'काच' लिहिलं नव्हतं.

आणि रश्मी हसायला लागली. उपड्या क्रेटवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं असं हसू देवेशने आजवर ऐकलंच नव्हतं. त्या भरात, दहा माणसांसमोर, तो बोलून गेला, "तू बॅग भरूनच ठेवतेस. मला वाटलं, जायची तयारी आहे."

"कपाटात आईंचे पेले होते. नवी सून जागा कशी मागणार?"

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" तानीने विचारलं.

सगळं त्याच टेम्पोतून घरी परत आल्यावर काचेच्या आणि औषधांच्या पाचही खोक्यांवर रश्मीने ठळक अक्षरांत 'फुटकी काच' आणि 'जुनी औषधं' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः घंटागाडीवाल्याच्या हाती दिली. मग दुपारभर कपाट लावलं आणि संध्याकाळी तलासरीला आईला फोन केला. देवेश दाराआड उभा राहिला. आपलं कौतुक ऐकायला मिळेल, असा त्याचा अंदाज होता.

"हो गं, रमले आता," रश्मी सांगत होती. "पुढच्या आठवड्यात येणार होते, पण नको. सासूबाईंचं वय झालं. यांना एकट्या कुठवर सांभाळणार त्या?"