एक कोटी एकोणीस

बारा हा आकडा मनमिळाऊ. दोन, तीन, चार, सहा, कुणाशीही त्याचं पटतं.

मोतीबिंदू पिकला की दिव्याभोवती कडं दिसतं.

चार नंबरच्या टेबलावरची धूळ रोज पुसली जाते.

कारभार न्यायानं चालवायचा तर निर्णय माणसांवर सोडून भागत नाही. ते आकड्यांवर सोडावे लागतात. म्हणून शस्त्रक्रिया-मंजुरी कार्यालयात वशिला बंद झाला आणि भागाकार सुरू झाला. अर्जाच्या क्रमांकाला ज्या सर्वांत लहान संख्येनं भाग जातो, त्या नंबरच्या टेबलावर अर्ज जातो. (एकनं सगळ्यांनाच भाग जातो. पण एक नंबरचं टेबल मोठ्या साहेबांचं, म्हणून ती संख्या परिपत्रक काढून वगळण्यात आली.)

पद्धत उत्तमच आहे. निम्मे अर्ज दोन नंबरवरच झटपट निकालात निघतात. चार नंबरवर तर आजवर एकही अर्ज तुंबलेला नाही, कारण चारनं भाग जाणारा प्रत्येक अर्ज आधीच दोनवर गेलेला असतो. या स्वच्छ कामाबद्दल तिथल्या साहेबांना दोनदा बढती मिळाली. (सहा आणि आठ नंबरवाले त्यांच्याच पावलावर पाऊल टाकून आहेत.)

शिवणकाम करणाऱ्या काकू डोळ्याच्या मंजुरीसाठी आल्या, तेव्हा रांगेत त्यांच्या मागच्या आजोबांचे पाय लटपटत होते. "व्हा पुढे, बाबा," काकू म्हणाल्या. आजोबांना एक कोटी अठरा क्रमांक मिळाला आणि चहा निवायच्या आत मंजुरी. काकूंना मिळाला एक कोटी एकोणीस.

तीन नंबरनं भाग देऊन पाहिला, बाकी उरली. पाच, सात, अकरा... थेट एकतीसपर्यंत, म्हणजे इमारत संपेपर्यंत, सगळ्यांनी हात वर केले.

"मूळ संख्या आहे हो, काकू," शेवटचा कारकून म्हणाला. "हिला हिच्याशिवाय कुणी भागू शकत नाही."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"गणितात फार मानाचं."

"आणि इथे?"

"इथे एक कोटी एकोणिसाव्या टेबलाची वाट बघायची. बत्तिसावं मंजूर झालंय, लाकूड यायचंय."

"अहो, मग मला वीस द्या ना!"

"एका माणसाला एकच आकडा. मन मोठं करायच्या आधी जरा भागाकार करून बघायचात."

"मला काय ठाऊक, इथे माणुसकीलाही पाढे लागतात ते!"

कारकुनाला वाईट वाटलं. (त्यासाठी दुपारची दहा मिनिटं राखीव आहेत.) तक्रारपेटी दारातच आहे आणि ती कायम रिकामी असते. ज्यांचं काम झालं त्यांची तक्रार नाही. ज्यांचं झालं नाही त्यांचा आकडाच वाईट, हे सर्वांना पटलेलं आहे. तुम्हालाही पटलंच असणार. काकूंना दुसरा आकडा कसा मिळेल, याचाच विचार तुम्ही इतका वेळ करत होतात. टेबलं उचलून फेकायचं काही तुमच्या मनात आलं नाही.

काकूंचा उजवा डोळा रांगेत उभं राहण्याआधीच गेला होता. अर्ज डाव्यासाठी होता.