नवा कोरा एसी

गंगाधररावांच्या गाडीत एसी होता, पण गेल्या सहा वर्षांत त्यांनी तो एकदाही लावला नव्हता. वापरली की वस्तू जुनी होते, असं त्यांचं साधं म्हणणं. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. मे महिन्यात त्यांच्या पत्नी प्रभाताई त्या प्लास्टिकला चिकटून बसत आणि सोलापूरचा गरम वारा मुकाट्याने खात. लेकीला, सईला, वस्तू वापरणाऱ्या माणसांच्या घरात द्यायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

बार्शीचं स्थळ त्यांना म्हणूनच आवडलं. मुलाचे आईवडील सोमशेखर आणि दानम्मा यांच्या दारात मोठी गाडी होती. त्या दोघांनी घर बघायला यायचं ठरलं, तेव्हा गंगाधरराव फोनवर ऐटीत म्हणाले, "स्टँडवर एसी गाडी घेऊन येतो."

त्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं. आतून भट्टीसारखी हवा आली. घाबरून त्यांनी गाडी शिवू मेकॅनिककडे नेली.

"गॅस समदा गेलाय साहेब. कधी लावलाच न्हाय व्हय?"

"नवा ठेवलाय."

"आठवड्याला धा मिनिटं तरी लावायचा असतोय की. सील वाळून गेले सगळे."

नवे सील यायला दोन दिवस लागणार होते आणि पाहुण्यांची एसटी यायला दोन तास. गंगाधररावांनी डोकं चालवलं. दोन पसरट डबे बर्फाने भरून त्यांनी पुढच्या सीटखाली सरकवले आणि पंखा फुल केला. प्रभाताईंनी कपाळावर हात मारला, पण मुलीचं काम म्हणून फ्रीजमधला उरलेला बर्फही काढून दिला.

घरची मोठी गाडी असून पाहुणे एसटीने आले. केवढा साधेपणा, असं गंगाधररावांना वाटलं. सोमशेखर पुढे बसले, बायका मागे. सात रस्ता चौकापर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि गार पाणी सोमशेखरांच्या नव्या चपलांत शिरलं.

त्यांनी वाकून सीटखाली हात घातला आणि डबा बाहेर ओढला. बर्फाचे चार तुकडे त्यात तरंगत होते. गंगाधररावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागे प्रभाताईंनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, अशी त्यांची खात्रीच झाली.

सोमशेखरांनी डब्यातलं पाणी बोटाने ढवळून बघितलं.

"भुसा न्हाय टाकला?" ते म्हणाले. "भुशात ठिवायचा बर्फ. आमचा बार्शीपासनं कुर्डुवाडीपर्यंत टिकतोय."

"म्हणजे? तुमचा एसी?"

"नवाच ठेवलाय की. लांबच्या उन्हात तर गाडी बी काढत न्हाय, रंग जातोय."

गंगाधररावांना अगदी भरून आलं. असा माणूस शोधून सापडत नाही, असं ते दोनदा म्हणाले.

मागच्या सीटवर दानम्मांनी पिशवीतून दोन हातपंखे काढले आणि एक प्रभाताईंच्या हातात दिला.

"घ्या. दोन कायम जवळच असत्यात माझ्या," त्या हळूच म्हणाल्या. "सुनंसाठी तिसरा बी आणून ठिवलाय."