मन्मथअप्पांची थंड खोली

आमच्या वास्तुशांतीला येताना प्रत्येकानं काहीतरी आणलं होतं. कुणी घड्याळ, कुणी स्टीलचा डबा, कुणी फ्रेम केलेले गणपती. शेजारचे मन्मथअप्पा तेवढे रिकाम्या हातानं आले, आणि तो रिकामा हात त्यांनी सरळ आमच्या हॉलच्या भिंतीवर ठेवला. आधी तळवा ठेवला, मग उलटा पंजा. मग आई जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाला गाल लावून बघते, तसा भिंतीला गाल लावला, डोळे मिटले, आणि भरल्या पाहुण्यांत निकाल दिला,

“सर, बिशी हाय.”

माझी बायको सुनंदा मूळची नाशिककडची. तिला वाटलं, भिशीचं विचारताहेत. ती म्हणाली, “नाही हो अप्पा, आमच्यात कुणी भिशी लावत नाही.”

“भिशी न्हाई माय, बिशी. गरम. भिंतीला ताप हाय तुमच्या.”

अप्पांचं आजोळ भालकीकडचं. आमच्या उदगीरला कन्नड शब्द काही नवे नाहीत, पण अप्पांनी सगळ्या कन्नडमधून दोनच शब्द घट्ट धरून ठेवलेत. गरम ते बिशी, गार ते तंपु. जगातल्या सगळ्या वस्तूंची, माणसांची आणि सरकारांची वाटणी ते या दोन शब्दांत करतात. आमची भिंत मावळतीची, त्यात सुनंदानं हौसेनं चॉकलेटी रंग दिलेला. अप्पा तिला म्हणाले, “माय, असला रंग म्हंजे उन्हाला जेवायचं आवतनच की. पांढरा दे. पांढऱ्या भिंतीवर ऊन टेकत न्हाई.” त्या दिवसापासून सुनंदानं अप्पांना मनातल्या मनात बिशी खात्यात टाकलं.

अप्पांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बारदानाचं दुकान होतं. पोत्यांतच जन्म गेला. आता दुकान पुतण्या बघतो आणि अप्पा घरी असतात, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. बाकी माणूस कसा, तर पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला भस्माचे पट्टे आणि खिशात थर्मामीटर. तापाचं नव्हे, खोलीचं. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते खिशातून काढून टेबलावर ठेवायचे, आणि चहा पिऊन उठताना घरातलं तपमान सांगायचे. लोक अगदी घाबरून असत. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघावी तशी माणसं अप्पांच्या तोंडाकडे बघत बसायची.

पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. अप्पांना वडीलधारे म्हणून मुलाचं घर बघायला बिलोलीला नेलं. बाकीच्यांनी पगार विचारला, शेती विचारली, मामाकडची माणसं कोण ते विचारलं. अप्पा कुणाला दिसेनात. शोधलं तर भर दुपारी मुलाच्या घराच्या गच्चीवर उकिडवे बसून फरशीवर हात फिरवत होते. खाली येऊन म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. माणसं चांगली हायत. पण स्लॅब लई बिशी हाय. आमची पोरगी त्याच्याखाली भाजून निघंल.” झालं, बोलणी थांबली. मुलाच्या वडलांना आधी अपमान वाटला, मग ते सुनेच्या लोभानं नरमले. चुन्यात डिंक कालवून त्यांनी सगळी गच्ची पांढरी करून घेतली, तेव्हा अप्पांनी सुपारी फोडू दिली. लग्नात व्याही सगळ्यांना सांगत होते, “लोक सोयऱ्याला चुना लावतेत. आमच्या सोयऱ्यानं आमच्या हातानं आम्हालाच लावून घेतला!”

अप्पांची स्वतःची गच्ची तर गल्लीची डोकेदुखी होती. वर्षातून एकदा तिला चुन्याचे हात बसायचे. अप्पा म्हणायचे, “ऊन आलं तसं माघारी गेलं पाहिजे.” ते माघारी जायचं खरं, पण जायचं आमच्या वरच्या गॅलरीत. सुनंदा गॉगल लावून कपडे वाळत घालायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सरांची बायको लई फॅशनेबल हाय, परकर वाळू घालायलाबी गॉगल लागतो हिला.

पुढं अप्पांना कळलं, की गच्चीवर मडकी उपडी मांडून वरून चुन्याचा थर दिला, तर मडक्यातली कोंडलेली हवा उन्हाला खाली येऊ देत नाही. कुठून कळलं ते विचारू नका. दुसऱ्याच सकाळी कुंभारवाड्यातून हातगाडीभर मडकी आली. एका घरासमोर एवढी मडकी उतरताना बघून गल्लीत कुजबुज सुरू झाली. आमच्या समोर राहणारे रशीदभाई टोपी घालून, चेहरा लांब करून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “अप्पा, बहोत बुरा हुआ. कौन गुजर गये?”

“कोणी न्हाई,” अप्पा म्हणाले, “ऊन गुजरनार हाय. ये, मडकी वर द्यायला हात लाव.”

रशीदभाईंनी लावला हात. खरं म्हणजे त्यांनी लावायला नको होता. रशीदभाईंचा धंदा एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, आपल्या दारात बसून, अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला एसी कसा लागत नाही ते समजावत. रशीदभाई वैतागून ओरडायचे, “अप्पा, मेरे धंदे की कायकू वाट लगारें?” आणि अप्पा गंभीरपणे सांगायचे, “तू मडकी विकायला लाग. मी गिऱ्हाइक देतो.” पण मग तुम्ही स्वतः एसी का लावला नाहीत, परवडत नाही असं तर नाही, असं कुणी विचारलं, की अप्पा टोपी सारखी करायचे आणि विषय बदलायचे. रशीदभाईही तेव्हा नेमके स्कूटरची किल्ली शोधायला लागत.

पण कळस केला तो नळानं. जमिनीत माणूसभर खोल गेलं, की माती उन्हाळ्यातही गार असते. तर तिथून लांब, जाड, पोकळ नळ फिरवायचा, एक तोंड अंगणात, दुसरं खोलीत, खोलीच्या तोंडाशी छोटा पंखा. बाहेरची हवा नळातून येता येता गार होऊन खोलीत उतरणार. अंगण खणलं तेव्हा गल्लीला वाटलं, अप्पांना गुप्तधन दिसलं. “आता काय करायलेत अप्पा?” असं विचारत माणसं खड्ड्यात डोकावून जात होती. एकानं तर लिंबू पण टाकलं. अप्पांनी ते उचलून धुतलं आणि सरबतात पिळलं.

नळ बसला, हवा खरंच गार यायला लागली. फक्त बाहेरचं तोंड निघालं आमच्या कंपाउंडच्या भिंतीजवळ, जिथं फोनला रेंज चांगली येते. सुनंदा रोज दुपारी तिथं उभी राहून नाशिकच्या बहिणीशी बोलायची. मोकळेपणानं बोलायची, कारण तिथलं मला घरात ऐकू येत नसे. एका संध्याकाळी अप्पा दारात आले आणि अगदी काळजीच्या सुरात तिला म्हणाले,

“माय, तुझ्या बहिणीच्या सासूचं पोट बरं हाय का आता?”

सुनंदाच्या हातातली परात खाली पडली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“न्हाई, नळात आलं. पार साफ ऐकू येतंय. आन् माय, मी भ्रमिष्ट न्हाई बरं. थोडा हाय, पण तू म्हन्तीस तेवढा न्हाई.”

त्यानंतर महिनाभर सुनंदा गच्चीच्या टोकाला जाऊन, रेंज नसताना ओरडून बोलत होती. त्यामुळं पोटाचं सगळ्या गल्लीला कळलं.

तर असे हे अप्पा. त्यांना आम्ही हसायचो, ते आमच्या भिंतींना हात लावायचे, आणि आपापल्या घरात सगळे सुखी होतो. मग यंदाच्या मे महिन्यात, एका दुपारी, गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि विजेची डीपी जळाली.

आमच्या गल्लीतली नवी घरं सगळी एसीच्या भरवशावर बांधलेली. काचेच्या सरकत्या खिडक्या, त्याही अर्ध्याच उघडणाऱ्या. डोक्यावर नुसता स्लॅब. लाईट गेल्यावर थोडा वेळ आम्ही धीर धरला, मग घराचा तवा झाला. सुनंदाची आई आमच्याकडे आली होती, तिला चक्कर यायला लागली. मी तिला धरून बाहेर काढलं, तर बाहेर आग. अप्पा त्यांच्या दारात उभे होते. आज त्यांनी बिशी म्हटलं नाही, तंपु म्हटलं नाही. पुढं होऊन म्हातारीचा दुसरा हात धरला आणि म्हणाले, “आत घ्या. आधी आत घ्या.”

मी त्यांच्या त्या खोलीत पहिल्यांदाच जात होतो. एवढ्या वर्षांत कधी गेलोच नव्हतो, लांबूनच हसत होतो. दोन्हीकडची दारं सताड उघडी, खिडक्या उघड्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आणि अप्पा त्यांच्यावर तांब्यानं पाणी मारत होते. नळाचा पंखा बंद होता, पण वर मडकी होती, चुना होता, दारांना टांगलेल्या जुन्या ओल्या बारदानातून वारा येत होता. थंडगार म्हणता येणार नाही. पण माणसाला बसवेल असं होतं. म्हातारीनं जमिनीवर पाय पसरले आणि म्हणाली, “बाई, झाडाखाली आल्यासारखं झालं.”

मग बातमी पसरली. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्यामागं सुना आल्या, लेकरं आली. कुणीतरी पत्ते आणले. कुणी ताकाची बरणी आणली. सगळ्यात शेवटी रशीदभाई आले, बायको आणि म्हाताऱ्या अब्बांना घेऊन. उंबऱ्याशी थबकले. गल्लीत एसी बसवणाऱ्या माणसानं आत यावं कसं?

“ये की,” अप्पा म्हणाले, “का हवेचं बिल पाठवू घरी?”

“आज हँस लो अप्पा,” रशीदभाई म्हणाले आणि अब्बांना भिंतीला टेकवून बसवलं.

दुपारभर त्या खोलीत काय गोंधळ चालला होता म्हणून सांगू! रशीदभाईंचे अब्बा आणि सुनंदाची आई, एकाला मराठी जेमतेम, दुसरीला उर्दू अजिबात नाही, गुडघेदुखीवर तासभर बोलले आणि एकमेकांचं सगळं कळलं. काकूंच्या सुनेनं पत्त्यांत सगळ्यांना लुटलं. लेकरं नळाच्या तोंडाशी जाऊन भुताचे आवाज काढत होती, त्यात एकदा बाहेरून खरंच मांजर ओरडलं, तर सगळी किंचाळत अप्पांच्या अंगावर जाऊन पडली. अप्पा खोलीच्या कोपऱ्यात बसले होते, अंगावर लेकरं घेऊन. थर्मामीटर कुणाच्या तरी हातात फिरत होतं, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. उपदेश नाही, “मी म्हन्लं व्हतं” नाही. मला वाटलं होतं, आज माणूस गल्लीवर सूड उगवणार. हे नुसतेच सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते.

दिवस कलता कलता लाईट आली. “आली! आली!” असा एकच ओरडा झाला आणि खोली क्षणात उठली. पत्ते तिथंच, ताकाचे ग्लास तिथंच. जाता जाता सगळ्यांनी अप्पांचे आभार मानले, पण पाय आधीच बाहेर पडलेले होते. लेकरं टीव्हीकडं पळाली. सुनंदा आईला घेऊन गेली. मी मागं राहिलो, कारण माझी एक चप्पल कुणीतरी घालून गेलं होतं.

अप्पा ग्लास गोळा करत होते.

“लई लवकर आली ओ सर लाईट,” ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “अप्पा, तुम्ही एसी का नाही लावलात हो?”

यावेळी त्यांनी विषय बदलला नाही.

“लावला व्हता की. याच खोलीत. रशीदनंच बसवला. नात म्हन्ली, आजोबा, तुमच्याकडं एसी न्हाई, म्हनून हौसेनं घेतला. आले सगळे पुण्याहून. पर एसी लावला की दार लावावं लागतंय सर. सुट्टीभर दार बंद. मी आंबा कापून न्यायचो, तर नात आतून वरडायची, आजोबा, लवकर लावा, गार हवा जाती. मी बाहिर, ती आत.” त्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. “गेल्यावर रशीदला म्हन्लं, काढून ने. कुनाला सांगू नको. मग ह्ये सगळं करत बसलो. ह्याला दार-खिडकी उघडी लागती. दार लावलं तर गारवाच येत न्हाई. म्हन्लं, असलंच पायजे आपल्याला.”

“मग आता येतात का?”

“कुठलं. सूनबाई म्हन्ती, तिथं एसी न्हाई.”

हे सांगताना ते हसले. मलाही हसायचं होतं, जमलं नाही. दारात माझी एकुलती एक चप्पल पडली होती. मी ती तशीच राहू दिली, परत आत आलो आणि सतरंजीवर बसलो.

“बसतो जरा अप्पा. लो व्होल्टेज असेल. आमचा एसी लो व्होल्टेजवर चालत नाही.”

माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत आमच्या एसीचं बाहेरचं मशीन घरघर करत सुरू झालं. सुनंदानं लावला असणार. भिंतीपलीकडूनच काय, त्या नळातूनसुद्धा आवाज येत होता. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर आढ्याकडं पाहिलं.

“व्हय,” अप्पा म्हणाले, “व्होल्टेजचं काय खरं न्हाई बगा,” आणि त्यांनी टेकायला लोड माझ्याकडं सरकवला.