अंगठ्याखालचा प्रोसेसर

रिजवानने घरी सांगितलं होतं, की कॉम्प्युटर बेदाण्याच्या हिशेबासाठी हवा आहे. खरं म्हणजे त्याला गेम खेळायचे होते. त्यासाठी प्रोसेसर कोणता घ्यावा, याचा त्याने परीक्षेचाही केला नसेल इतका अभ्यास केला होता. सगळं जमत आलं होतं, आणि नेमके वडील, चांदसाहेब, खरेदीसाठी सांगलीला सोबत निघाले.

चांदसाहेब म्हणजे तासगावचे बेदाण्याचे जुने व्यापारी. पेटीत हात घालायचा, दाणा चिमटीत दाबायचा आणि मालाची कुंडली सांगायची, असा त्यांचा लौकिक. मालात आपल्याला आजवर कुणी फसवलेलं नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत.

"प्रोसेसर म्हंजे काय रं?"

"कॉम्प्युटरचा मेंदू, अब्बा."

"मग बगूनच घ्याय पायजे."

सांगलीत कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मालकीण राजेश्वरीताईंनी दोन डबे पुढ्यात ठेवले. "हा साधा, ऑफिसच्या कामाला पुरतो. हा मोठा, तो..."

"मोठाच पायजे," रिजवान घाईने म्हणाला. "हिशेब लय हाय आमचा."

"डबा बगून काय कळतंय?" असं म्हणून चांदसाहेबांनी मोठ्या डब्याचं सील फोडलंसुद्धा. ताई "अहो काका, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी आतली चौकोनी चिप उलटी केली आणि खालच्या सुईसारख्या पिनांवरून अंगठा दाबून फिरवला.

"माल मऊ हाय," त्यांनी निकाल दिला.

एका बाजूच्या पिना आडव्या झाल्या होत्या. रिजवानच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, पिना वाकवल्यात तुम्ही! आता हा परत घेता येणार नाही."

"दाबल्यावर वाकतो तो माल कसला वो?"

आवाज चढले. प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेले नाथाजी कोपऱ्यातून उठून आले. नाथाजी तासगावचेच व्यापारी. बाजारात दोघांची रोज चढाओढ.

"काय झालं, चांदसाहेब?"

उत्तर ताईंनीच दिलं. "अहो, हा गेमिंगचा प्रोसेसर. हिशेबाला याची काही गरजच नव्हती."

नाथाजींना हसू आवरेना. "म्हंजे पोरानं गंडवलं तुमास्नी! आन् तुमी माल दाबून घेतलाय की!"

रिजवानने डोळे मिटले. कॉम्प्युटर गेलाच होता, आता मोबाइलही जाणार याची त्याला खात्री पटली. चांदसाहेबांनी पोराकडे बघितलं, मग नाथाजींकडे. कपाळावरची शीर टरारून फुगली.

"कोण गंडवतंय?" ते कडाडले. "गेमसाठीच घेतलाय! मीच म्हनलो, घ्यायचा तर मोठा घे. ताई, तेवढ्या पिना सरळ करा आन् बिल करा."

ताईंनी भिंग लावून, सुईने एकेक पीन सरळ केली. लावून बघितलं, तर प्रोसेसर चालू झाला. जोडलेला कॉम्प्युटर घेऊन बापलेक एसटीत बसले, तेव्हा रिजवानला आनंदाने रडू येत होतं.

"अब्बा, तुमी लय चांगले हायसा."

"ते ऱ्हाऊ दे," चांदसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "ऐतवारी नाथाजी घरी येनार हाय. त्येचा पोरगा वीरधवल बी खेळतो म्हनं असले गेम. तुमची दोगांची म्याच लावलीया मी. समदा बाजार बगाय येनार हाय. हरायचं न्हाई."

रिजवानने मान डोलावली खरी. आजवर तो मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळायचा, रोज हरायचा आणि दोष प्रोसेसरला द्यायचा. आता मांडीवरच्या खोक्यात दुकानातला सगळ्यात चांगला प्रोसेसर होता.