मधल्या भावाचे टायर

अश्वजितसाठी पोरगी पाहायला निघाले त्या दिवशी त्याच्या बापाच्या, बापूरावांच्या, गाडीने वाटेत दोनदा दगा दिला. टायर इतके गुळगुळीत झाले होते, की पंक्चरवाल्याने त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, हा टायर आहे का टरबूज?" मूल गावाहून सकाळी निघालेली मंडळी मोहर्लीजवळ पोरीच्या गावात पोहोचली, तेव्हा पोह्यांचे खडे झाले होते.

पोरगी, म्हणजे रंजीता, अश्वजितला आवडली. तिलाही तो आवडला. अडचण एकच होती, रंजीताचे वडील. खोब्रागड्यांनी जन्मभर एसटीच्या स्टँडवर बसून गाड्या सोडल्या होत्या. उशीर करणाऱ्या माणसाकडे ते अजूनही स्टँडवरच्या नजरेनेच पाहत. निघताना ते एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण वेळ न पाळणाऱ्या घरी पोरगी द्याव का नाई, ते मी साक्षगंधाच्या दिवशी पाहीन."

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सकाळी अकराला ठरलं. विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांना दुपारी सिंदेवाहीला दुसरं लग्न लावायचं होतं, त्यामुळे ते बाराला उठणार होते. म्हणजे उशीर झाला तर होणारा सासरा नाराज आणि बौद्धाचार्य गायब. अश्वजितने रात्री जेवताना बापाला हात जोडले. "बाबा, टायर बदलवा. नाई तं मी आजन्म असाच राहीन."

बापूराव टायर घ्यायला तयार झाले, पण ते सरळ दुकानात जाऊन टायर घेणाऱ्यांपैकी नव्हते. भाजी घ्यायची तरी ते तिघांना विचारत. महागाचे टायर त्यांना परवडणारे नव्हते आणि स्वस्तातले घ्यायची हिंमत नव्हती. राहिले मधल्या भावाचे. मग त्यांनी मूलच्या स्टँडवर प्रत्येक ड्रायव्हरला गाठून मधल्या भावाच्या टायरचा अनुभव विचारला.

शेजारचा चंदन गडचिरोलीपर्यंत प्रवासी जीप चालवायचा. तो म्हणाला, "मस्त राह्यते भाऊ. माह्या गाडीले तेच आहे. फक्त पावसात ब्रेक मारायचा नाई."

"मंग गाडी थांबवायची कशी?"

"थांबवायची कायले? पावसात गाडी चालवायचीच नाई."

हेमलकशापर्यंत औषधांच्या पेट्या नेणारा आदेश म्हणाला की टायर कोणताही घ्या, सारा खेळ हवेचा आहे. भाड्याच्या गाडीवर सिरोंच्याला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, की नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते जितके दिवस टिकले तितका टायर जातिवंत. हे बापूरावांना फारच पटलं. टायर बसवून आणल्यावर ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन गाडीजवळ उकिडवे बसत आणि केस मोजत.

"डोक्याचे गेले तवा पाह्यले नाई," त्यांची बायको सत्यशीलाबाई दारातून म्हणत, "अन् आता टायराचे मोजून राह्यले."

साक्षगंधाच्या दिवशी गाडी वेळेच्या कितीतरी आधी निघाली. पुढे बापूराव आणि अश्वजित. मागे सत्यशीलाबाई, धाकटी रिना आणि त्या दोघींच्या मधोमध मिठाईचे डबे. डिक्कीत फळांच्या टोपल्या, साड्या आणि त्यांच्या खाली, सगळ्यात तळाशी, जुन्या टायरची स्टेपनी. तिच्यात हवा आहे का हे पाहायची गरज बापूरावांना वाटली नव्हती. नवे चार टायर असताना जुन्याची विचारपूस करणं त्यांना नव्यांचा अपमान वाटला होता.

चंदनने निघताना काचेवर टकटक केलं. "भाऊ, मधल्या भावाचं रबर कडक राह्यते. हवा कमी ठेवा. नाई तं खड्ड्यात फुटन."

बापूराव उतरले. हवा काढायला काही टोकदार हवं होतं. रिनाच्या साडीची पिन त्यांनी मागून घेतली आणि चारही चाकांच्या हवेच्या नळीत खुपसून फुस्स करून आले. रिना तिथून पुढे निऱ्या हातात धरून बसली.

चंद्रपुरात पेट्रोल भरताना हवा भरणारा म्हणाला, "काका, मागं तं बसून गेली गाडी! एवढ्या सामानाले एवढीशी हवा? टायर कडेनं खाऊन जाईन." त्याने भरपूर हवा भरली. बापूरावांना हायसं वाटलं. शहराबाहेर चहाला थांबले, तर शेजारी उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरने टायरला लाथ मारून पाहिली. "अरे बापरे! उन्हाची हवा फुगते जी. इतकी ठेवली तं बॉम्ब आहे बॉम्ब."

"आवो, चला आता," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "डॉक्टर एक करावा माणसानं."

पण बॉम्बवर बसून मोहर्लीला जाणं बापूरावांना जमणारं नव्हतं. त्यांनी पुन्हा पिन काढली. मागच्या डाव्या चाकाची नळी आतापर्यंत पुरती वैतागली होती. तिच्यातला बारीक खिळा पिनेने वाकडा झाला आणि हवा हळूहळू, आवाज न करता, बाहेर पडायला लागली. नळीची टोपी तर चहाच्या टपरीवर खुर्चीखालीच राहिली.

पुढचा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना बांबू आणि साग, मधेच पाटी, 'वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, वाहन हळू चालवा'. त्या पाटीच्या थोडं पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली, मग लंगडायला लागली आणि मग बापूरावांनी ती थांबवली.

"काय झालं?"

"टायर."

"मंग उतरा अन् पाहा."

बापूरावांनी बाहेर पाहिलं. बांबू गप्प उभा होता. याच पट्ट्यात गेल्या आठवड्यात कोणाची तरी म्हैस वाघाने नेल्याचं चहावाल्याने आत्ताच सांगितलं होतं. "अश्वजित, तू पाह्य."

"माह्यं साक्षगंध आहे बाबा. मीच नसलो तं कोणाचं करसान?"

हे बरोबर होतं. स्टेपनी काढायची तर आधी उतरून सगळी डिक्की रिकामी करावी लागणार होती. मग असं ठरलं की काचा बंद करून बसायचं आणि एखादी गाडी येईपर्यंत वाट पाहायची. चौघंही झुडपाकडे डोळे लावून बसले.

थोड्या वेळाने मागून पर्यटकांची उघडी जिप्सी आली. ड्रायव्हर प्रवीण रोज याच रस्त्याने जाणारा. जंगलात थांबलेली गाडी, बंद काचा आणि आतली माणसं श्वास रोखून झुडपाकडे पाहतायत, हे चित्र त्याला चांगलं ओळखीचं होतं. त्याने लांबूनच इंजिन बंद केलं. बापूरावांनी काच चार बोटं खाली घेतली, हात बाहेर काढला आणि तळवा खाली करून मागच्या चाकाकडे दोनदा हलवला. प्रवीणने मान डोलावली आणि आपल्या पर्यटकांकडे वळून हळूच सांगितलं, "जवळच आहे. कोणी बोलू नका."

सहा कॅमेरे वर झाले.

मागून दुसरी जिप्सी आली. समोरून सकाळची फेरी संपवून परतणाऱ्या दोन आल्या. मग खासगी गाड्या आल्या. एक जण रस्ता सोडून वळणार होता, पण सगळे थांबलेले पाहून तोही थांबला. रस्ता अरुंद. बघता बघता दोन्हीकडून बूच बसलं. पुण्याहून आलेले एक टोपीवाले गृहस्थ बापूरावांच्या काचेजवळ झुकले. "नर आहे की मादी हो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

सगळेच कुजबुजत होते, म्हणून बापूरावही कुजबुजले, "टायर आहे जी."

"काय?"

"मागचा टायर. हवा गेली."

गृहस्थांनी त्यांच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "सांगायचं नसेल तर राहू द्या. आम्हीही पैसे भरूनच आलोय." असं म्हणून ते झुडपाकडे वळले आणि लगेच बायकोला म्हणाले, "दिसला! कान दिसला. डावीकडे बघ, हलतोय." बायकोला शेपूट दिसली. मागच्या जिप्सीतल्या एका मुलीला डोळे दिसले.

"लोकाइले अख्खा वाघ दिसून राह्यला," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अन् आपण इतक्या येळचे बसलो, आपल्याले पान बी हललेलं दिसलं नाई."

तेवढ्यात खोब्रागड्यांचा फोन आला. जंगलात फोन लागणं कठीण, पण नको तेव्हा बरोबर लागतो. "कुठी आहा?"

"आलोच. इथीच आहो."

"इथी म्हणजे कुठी? बौद्धाचार्य आसनावर बसले. घड्याळ पाहून राह्यले."

"मोठा जाम लागला जी."

"जंगलात जाम?" खोब्रागडे म्हणाले. "मी एसटीत असताना एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, हत्ती आडवा आला म्हणून. त्याले मी घरी बसवलं होतं." आणि फोन कटला.

शेजारी बसलेल्या अश्वजितला सगळं ऐकू आलं होतं. त्याने दार उघडलं आणि वाघाबिघाचा विचार न करता सरळ रस्त्यावर उतरून ओरडला, "कोणाजवळ हवेचा पंप आहे का? माह्यं साक्षगंध मोडून राह्यलं!"

सगळीकडून "शूऽऽ" झालं. पण प्रवीणची नजर आता चाकाकडे गेली. तो पाहतच राहिला, मग कपाळावर हात मारून हसत सुटला. "काका, टायरसाठी अख्खी सफारी थांबवली तुमी!"

प्रवीणकडे पंप होता. गोष्ट खरं म्हणजे इथेच संपायला हवी होती. त्याने थुंकी लावून नळी तपासली, वाकडा खिळा पिनेने सरळ केला, आपल्या चाकाची टोपी काढून बाजूला ठेवली आणि पंप जोडून विचारलं, "किती टाकू?"

बापूरावांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं. "तुमाले काय वाटते?"

त्या एका प्रश्नाने घात केला. वाघ नाही म्हणून कंटाळलेले सगळे ड्रायव्हर खाली उतरून चाकाभोवती गोळा झाले होते. एक म्हणाला अठ्ठावीस. दुसरा म्हणाला, अठ्ठावीस बैलगाडीत टाक, इथी पस्तीस पाहिजे. तिसऱ्याने विचारलं, टायर कोणते? मधल्या भावाचे, असं कळल्यावर तर प्रत्येकाकडे अनुभव निघाला. एकाचे पाच वर्षं चालले होते. एकाचे पाच महिन्यांत फुगले होते. "कारण तू वाळूच्या गाडीमागं पळवते!" असं त्याला दुसऱ्याने ऐकवलं. पुण्याच्या गृहस्थांनी नायट्रोजन गॅस भरण्याचे फायदे सांगायला सुरुवात केली. प्रवीण पंप धरून उभा. सगळे, अगदी जिप्सींत बसलेले पर्यटकही, चाकाकडे वाकलेले. बापूराव प्रत्येकाचं म्हणणं मान हलवून ऐकत होते, कारण प्रत्येकाचंच त्यांना पटत होतं.

अचानक सत्यशीलाबाईंचा आवाज आला. लग्नाच्या इतक्या वर्षांत बापूरावांनी तो आवाज दोन-तीनदाच ऐकला होता.

"बसा सगळे! आपापल्या गाडीत! आताच्या आता!"

त्या गाडीतच होत्या, मान मागच्या काचेकडे वळवलेली. "ए पंपवाल्या, तीस टाक अन् पळ. ओ टोपीवाले भाऊ, तुमी बी बसा. दारं लावा. एकानं बी खाली राहायचं नाई. माह्या पोराचं लग्न लावून देता का मोडता?"

पुण्याचे गृहस्थ वाक्य अर्धवट टाकून धावले. आठ ड्रायव्हर शाळेतल्या पोरांसारखे गाड्यांत जाऊन बसले. प्रवीणने घाईघाईत हवा मारली, टोपी बसवली आणि जिप्सी वळवून वाट मोकळी केली. इंजिनं सुरू झाली, बूच सुटलं आणि बापूरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता, गाडी खड्ड्यांवरून तशीच हाणली.

ते पोहोचले तेव्हा बौद्धाचार्य एका चपलेत पाय घालून उभे होते. खोब्रागडे फाटकात होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग गाडी पाहिली, मग निऱ्या धरून उतरणाऱ्या रिनाला पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण सत्यशीलाबाई फळांची टोपली त्यांच्या हातात देऊन सरळ मांडवात गेल्या. बौद्धाचार्यांनी चप्पल काढली. त्रिशरण-पंचशील झालं. अंगठ्या घातल्या गेल्या. रंजीता हसली, अश्वजितला घाम फुटला आणि साक्षगंध झालं.

पंगतीत बापूराव बायकोशेजारी बसले. वड्याचा तुकडा मोडून ते म्हणाले, "काऊन वो, इतकी चिडली काऊन तू तिथी? मानसं मदत करून राह्यले होते बिचारे."

सत्यशीलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "चिडली नाई. तुमी सगळे चाकात डोकं घालून होते, तवा मांगच्या वळणावर वाघ निघाला. एवढा मोठा. रस्त्याच्या मधात उभा राह्यला, तुमच्याकडं पाह्यलं अन् निवांत पलीकडं गेला."

बापूरावांच्या हातातला वडा ताटात पडला. "वाघ? खरा? मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं कोणी हललं असतं का तिथून? संध्याकाळपावेतो फोटो काढत बसले असते. पोराचं साक्षगंध वाघाच्या नावानं गेलं असतं."

"तं मले तरी कानात सांगाचं!"

"तुमाले?" सत्यशीलाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक वडा ठेवला. "तुमी तं उतरून त्याच्याजवळ गेले असते. म्हटलं असतं, भाऊ, तुमी रोज याच रस्त्यानं येता-जाता. मधल्या भावाच्या टायरात हवा किती ठेवाव?"